ठाणे खाडीत प्रदूषण तपासायला गाळाचे नमुने काढायला जाताय?

ऐरोलीहून होडीने निघालो ते मुद्दाम नवमी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीचं पाणी असं ओढतं की दोराला बांधलेला ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा जबड्याचा डबा, तिरका होऊन रिकामाच वर येतो. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या लहान भरती-ओहोटीत, ओढ कमी असते. तरीही भरती चढत असतानाच बाहेर पडा. ओहोटीत होडी चिखलात बसली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी आधी काढा आणि कागद सोबत ठेवा.

पूर्वेला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, खाली ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण. त्यामुळे आम्हाला जड धातूही मोजायचे होते आणि पीएएचही, म्हणजे इंधन जळताना होणारी, कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगं. धातूंसाठी प्लास्टिकचा चमचा नि डबा. पीएएचसाठी उलट, सॉल्व्हंटने धुतलेला स्टीलचा चमचा आणि काचेची बरणी. दोन पेट्या वेगळ्याच भरा. पीएएचचा नमुना घेताना इंजिन बंद, विडीही बंद. तांडेलमामा हसले, पण विडी खिशात ठेवली.

ग्रॅब वर आला की आधी जबडा बघायचा. इथे त्यात हटकून प्लास्टिकची पिशवी अडकते, फट राहते आणि पाण्याबरोबर बारीक गाळ निथळून जातो. विषारी द्रव्यं चिकटतात ती नेमकी या बारीक कणांना, म्हणून असा नमुना बघायचाही नाही, परत खाडीत. जबडा नीट मिटला असेल तर वरचं पाणी हळूच काढून, पत्र्याला न लागलेला मधला भाग, वरचे दोन सेंटिमीटर घ्या. वर तपकिरी साय, खाली काळाकुट्ट थर आणि सडक्या अंड्यांचा वास.

नमुने लगेच बर्फात. पाऱ्यासाठीचा गाळ ओव्हनमध्ये तापवू नका, पारा उडतो, गोठवून वाळवा.

खरी गंमत निकाल हातात आल्यावर. आपल्याकडे सर्रास अमेरिकी निकष लावतात. त्यात तांब्याची खालची पातळी, म्हणजे जिच्याखाली जलजीवांना अपाय क्वचितच होतो ती, किलोमागे ३४ मिलिग्रॅम. आपला गाळ आला दख्खनच्या बेसाल्टमधून आणि त्या खडकातच तांबं याहून कितीतरी जास्त! कारखाना नसता तरी खाडी 'प्रदूषित' निघाली असती. क्रोमियम, निकेलचंही तेच. शिसं, पारा, कॅडमियमची गोष्ट वेगळी, ते बेसाल्टच्या माथी मारता येत नाहीत. म्हणून प्रत्येक नमुन्यात ॲल्युमिनियमही मोजा आणि धातूचं त्याच्याशी गुणोत्तर काढा. ॲल्युमिनियम मुख्यतः खडकातूनच येतं, त्यामुळे खडकाचा वाटा किती आणि बाहेरची भर किती याचा अंदाज येतो.

त्याहून बरं म्हणजे नळी ठोकून खोलवरचा उभा गाभा काढणं. गाळ ढवळला गेला नसेल, तर शिसे-२१० (ठराविक वेगाने घटत जाणारं किरणोत्सर्गी शिसं) वरून शंभरेक वर्षांपर्यंतच्या थरांचं वय लागतं. कारखान्यांआधीचा थर मिळाला तर तुलना आपल्याच खाडीशी होते. त्यासाठी मात्र ओहोटीला चिखलात उतरावं लागतं. गमबूट नकोत, रुतून बसतात. फळ्या न्या, आणि काठावर दोर धरायला एक माणूस ठेवा.