पाणी उतरल्यावरचा ऑगस्ट

ज्युबिलीच्या स्मरणिकेसाठी शाळेतल्या दहा वर्षांबद्दल लिही असा मेसेज आला, पण दहा वर्षं दोन पानांत बसत नाहीत, म्हणून मी एकच महिना घेतलाय, ऑगस्ट २००५. तेव्हा मी नववीत होते. आपली शाळा काय आहे हे त्या एका महिन्यात जेवढं कळलं तेवढं आधीही नाही आणि नंतरही नाही.

नंतरच्या बॅचेसना २०१९ चा पूर आठवतो, आमच्या पिढीचा पूर २००५ चा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबायचं नावच घेईना, कोयनेतनं पाणी सोडलेलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं? ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे सांगलीतल्या बारक्या पोरालाही पाठ असतं, त्या वर्षी पाणी ५३ च्या वर गेलं. सांगलीवाडी, गावभाग, मारुती चौक, सगळीकडं पाणीच पाणी. आपली शाळा मिरज रोडच्या बाजूला उंचावर, त्यामुळं शाळेत पाणी आलं नाही, माणसं आली.

हेडमिस्ट्रेस सिस्टर मूळच्या केरळच्या, मराठी तोडकंमोडकं, पण त्यांनी कुणाच्या ऑर्डरची वाट बघितली नाही. खालच्या मजल्यावरचे वर्ग रिकामे केले, बेंच व्हरांड्यात एकावर एक रचले, सतरंज्या टाकल्या आणि गेट उघडं. आम्ही वरच्या वर्गातली पोरं जमेल तशी घरनं जायचो. आमच्या गल्लीत घरटी भाकरी गोळा व्हायची, सोबत शेंगदाण्याची चटणी नाहीतर खर्डा, आणि भडंग तर पोत्यानं आलं, कारण ते टिकतं, शिजवावं लागत नाही, लहान पोरं हातात धरून खातात. मुलांनी पाण्याची पिंपं भरायची, मुलींनी औषधांच्या टेबलावर बसून गोळ्यांच्या पुड्या करायच्या असं आधी ठरलं होतं, सिस्टरनी ते दुसऱ्याच दिवशी मोडलं, ज्याला जे जमेल ते त्यानं करायचं. म्हणून मी पिंपं भरली आणि फुटबॉल टीमचा गोलकीपर पुड्या बांधत बसला. त्याच्या पुड्या फार सुबक असायच्या.

पाच तारखेला महिन्यातला पहिला शुक्रवार होता. एरवी त्या दिवशी कॅथलिक मुलं चॅपलमध्ये मिस्साला, म्हणजे त्यांच्या सामूहिक प्रार्थनाविधीला जायची आणि आम्ही बाकीची मॉरल सायन्सच्या तासाला बसायचो. आमच्या वर्गात कॅथलिक मुलं मोजकीच, कुणाचे वडील मिरज जंक्शनला रेल्वेत, कुणी मूळचे गोव्याचे, बाकी आम्ही मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण, सगळी मिसळ. त्या शुक्रवारी फादरनी चॅपलऐवजी व्हरांड्यातच टेबल मांडून मिस्सा केला, कारण चॅपलमध्ये गाद्या टाकलेल्या होत्या. सांगलीवाडीच्या आज्या डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून मागं बसल्या, कुणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं, कुणी उठाही म्हटलं नाही. आणि आठ तारखेला श्रावणी सोमवार आला तेव्हा त्याच आज्यांचा उपास, तर स्टाफरूममधल्या गॅसवर साबुदाण्याची खिचडी झाली, सिस्टर शेजारी उभ्या राहून दाण्याचं कूट किती घालायचं ते विचारत होत्या. धर्म म्हणजे काय यावर मी नंतर पुष्कळ वाचलं, पण डोळ्यासमोर तो व्हरांडा येतो.

पाणी ओसरलं, माणसं चिखल काढायला घरी गेली, शाळा सुरू झाली. युनिट टेस्ट पुढं ढकलली होती. वर्गातल्या कितीतरी जणांच्या वह्यापुस्तकांचा लगदा झालेला. मग आमच्या क्लासटीचरनी कार्बन पेपरचे डबेच आणले, आम्ही रोज नोट्स उतरवताना खाली कार्बन घालायचा आणि ती कॉपी पूरग्रस्त मित्राला द्यायची. जोरात दाबून लिहावं लागायचं म्हणून बोटं दुखायची, पण अक्षर सगळ्यांचं सुधारलं, आणि खरं सांगायचं तर सायन्स माझं पक्कं झालं ते त्यामुळंच, आपण लिहिलेलं दुसऱ्याला कळलं पाहिजे म्हणून विचार करून लिहायला लागले.

पंधरा ऑगस्ट त्या वर्षी सोमवारी आला. तोही श्रावणी सोमवार, त्याच दिवशी स्वातंत्र्यदिन आणि त्याच दिवशी मदर मेरीला सदेह स्वर्गात घेतलं गेलं त्याचा सण. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं म्हणून मी फादरकडं जाऊन माहिती लिहून घेतली. हा सण शेकडो वर्षांचा, पण ती श्रद्धा चर्चचा सिद्धांत म्हणून पोप बारावे पायस यांनी जाहीर केली ती १९५० मध्ये, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी. हे मी माईकवर सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले पालक माना डोलवत होते. सकाळी आधी मिस्सा, मग झेंडा, मग मार्चपास्ट. चार हाऊसचं संचलन चिखलातच झालं, ग्राऊंडवर मदतीच्या ट्रकच्या चाकांचे चर तसेच होते, पांढरे बूट कुणाचेच पांढरे राहिले नाहीत आणि तरी बॅण्डचा ताल एकदाही चुकला नाही.

हॉलमध्ये त्या दिवशी चित्रं लावली होती. आम्ही इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणार होतो, स्मरणचित्राच्या सरावाला ड्रॉइंगच्या सरांनी विषय दिला, पूर. दरवर्षी जत्रा, बाजार, बसस्टॉप असले विषय असतात. कुणी होडी काढली, कुणी छतावर बांधलेली म्हैस, कुणी आयर्विनच्या कठड्याला टेकून पाणी बघणारी गर्दी. माझ्या शेजारच्या मुलानं तर नुसती शाळेची सतरंजी आणि तिच्यावर झोपलेलं बाळ काढलं. पुढं त्या परीक्षेत आमच्या बॅचला ए ग्रेड भरपूर आल्या.

फुटबॉलचं पण सांगते. आंतरशालेय मॅचेस त्याच महिन्यात, प्रॅक्टिस जवळजवळ नाही, कारण ग्राऊंडवर ट्रक. पीटीचे सर पोरांना पार्किंगच्या बोळातच पासिंग करायला लावायचे आणि सारखं सांगायचे, अरे विजय हजारे याच सांगलीचे, ख्रिस्ती घरातले, भारतानं पहिली टेस्ट जिंकली १९५२ ला मद्रासला तेव्हा कॅप्टन तेच होते, जागा कमी आहे म्हणून रडायचं नाही. टीम महापालिका स्तरावर जिंकली. पुढं कोल्हापूरला हरली, पण शेवटच्या मिनिटापर्यंत लढून हरली, आम्ही सगळ्यांनी गेटवर उभं राहून त्यांचं स्वागत केलं.

आणि महिन्याचं सगळ्यात मोठं यश म्हणजे वक्तृत्व. एक ऑगस्ट अण्णाभाऊ साठेंची जयंती, तीन ऑगस्ट क्रांतिसिंह नाना पाटलांची, दोघंही आपल्या जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातले, म्हणून ती आंतरशालेय स्पर्धा महिन्याच्या सुरुवातीला असायची, पुरामुळं ती शेवटच्या आठवड्यात घेतली. इंग्लिश मीडियमची पोरं मराठीत काय बोलणार, असं बाहेर सर्रास म्हणायचे. आमच्या मराठीच्या बाईंना ते फार लागायचं. त्यांनी उभी केली ती सांगलीवाडीची माझी मैत्रीण, जिच्या घरात छतापर्यंत पाणी होतं आणि जी दहा दिवस शाळेतच राहिलेली. विषय अण्णाभाऊ. वाटेगावचा मुलगा, दीड दिवसाची शाळा, चालत मुंबई गाठली, ही माहिती सगळेच सांगत होते. ती म्हणाली, मीही या महिन्यात शाळेत राहिले, पण शिकायला नाही, राहायला, आणि ज्याला शाळेनं दीड दिवसात परत पाठवलं त्याच्याबद्दल मी शाळेच्या सतरंजीवर बसून वाचलं. हॉल एकदम शांत झाला आणि मग टाळ्या थांबेनात. पहिला नंबर. सिस्टर पहिल्या रांगेत बसल्या होत्या, सगळं कळलं असेल की नाही माहीत नाही, पण सगळ्यात आधी त्याच उभ्या राहिल्या.

त्या वर्षीच्या शाळेच्या वार्षिक अंकात ऑगस्टच्या खाली ही बक्षिसं बरोबर छापलीत, नावं, ढाल, ग्रेड. पण मला ती बक्षिसं आणि तो व्हरांडा वेगळे वाटत नाहीत, ती मुलं जिंकली कारण त्यांनी तो महिना एकमेकांचं करण्यात घालवला होता.

ज्युबिली कमिटीला माझी एक विनंती आहे. रात्रभर चूल पेटती ठेवणाऱ्या मावश्या, पिंपं वाहणारे शिपाईमामा, ट्रक घेऊन आलेले ड्रायव्हर, यांची नावं कुठंच छापलेली नाहीत. ज्यांच्याकडं तेव्हाचे फोटो असतील, कुणाची नावं आठवत असतील त्यांनी ऑफिसात कळवा, त्यातले बरेच जण अजून सांगलीतच आहेत, त्यांना कार्यक्रमाला बोलवून पुढच्या रांगेत बसवूया. मी दोघींचा पत्ता काढलाय, आणायला मी जाईन.

— माजी विद्यार्थिनी, दहावी बॅच मार्च २००७