१९९७ ची मारुती ८००: इंजिन चालू, फ्लोअर अर्धा झाला

गाडी मिळाली देवगड तालुक्यात, खाडीपलीकडच्या एका बागेत, हापूसच्या कलमांखाली. मालक मुंबईला, गाडी कित्येक पावसाळे जागची हललेली नाही. टायर बसलेले, बॅटरी गायब. पण पुढचे शॉकअब्सॉर्बर ज्यात बसतात ते दोन्ही टॉवर शाबूत होते आणि चासी नंबर पत्र्यावर स्पष्ट वाचता येत होता. १८,००० रुपये मी ह्या दोन गोष्टींचे मोजले. किनाऱ्यावर जुनी गाडी बघायला गेलं की लोक बॉनेट उघडून इंजिनाला कान लावतात. मी आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली लोळतो. ८०० च्या इंजिनाचं काय, सामान कुडाळ, कणकवली, कोल्हापूर कुठेही मिळतं आणि खिशाला झेपतं. टॉवर गेला असेल तर फुकटातही घेऊ नये.

इंजिनाचं आधी उरकतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं. २००० साली एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं) आलं त्याच्या आधीचं. प्लग काढून भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं, मुरू दिलं, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हळूहळू फिरवलं. घासल्याचा आवाज नाही, कुठे अडकणं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तिन्ही सिलिंडरला १५० पीएसआयच्या आसपास, एकमेकांत दहाच्या आत फरक. एवढं पुरे. टायमिंग बेल्ट वरून कसाही दिसला तरी इतक्या वर्षांनी बदलायचाच. तो उघडलाच होता म्हणून वॉटर पंपही नवा टाकला.

सेल्फ मात्र मारला की नुसता कण्हायचा. नवी बॅटरी, तरी तेच. सगळे म्हणाले सेल्फ गेला, दुसरा टाक. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारायला सांगितलं, तर मीटरवर दीड व्होल्ट. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून येणाऱ्या अर्थिंगच्या वायरचं टोक आतून हिरवं पडून कुजलं होतं. वायर बदलली, बॉडीवरची जागा घासून पांढरी केली, आणि तोच जुना सेल्फ आता झटक्यात फिरतो.

आता फ्लोअर. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, त्याखालचा नमदा ओला. मे महिन्यात! नमदा काढला तर पत्रा पापुद्र्यांनी सुटून आला आणि खालची जांभ्याची जमीन दिसली. गंमत म्हणजे खालच्या बाजूचा डांबरी थर बराच टिकून होता, म्हणजे पत्रा आतून खाल्ला गेला. कारण सापडलं वायपरखालच्या जाळीत. गाडी कधीकाळी किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ लागत असणार, कारण सुरूच्या काड्यांनी पाणी जायची वाट गच्च बुजली होती. पावसाचं पाणी बाहेर न जाता डॅशबोर्डमागून थेट पायाशी उतरत राहिलं. दारांचंही तेच: खालच्या काठाला पाणी निथळायला भोकं असतात, ती मातीनं बंद. तुमची गाडी चालती असली तरी आजच जाळी साफ करा आणि दारांच्या भोकांतून एक तार फिरवा, पैसे पडत नाहीत.

दुसरा शत्रू मीठ. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो. उघडा भाग पावसानं धुतला तरी जातो. चाकांच्या कमानींची आतली घडी आणि दाराखालच्या रनिंग बोर्डची पोकळी कधीच धुतली जात नाही. म्हणून सगळ्यात आधी गोड्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवून चांगली वाळवली, मगच ग्राइंडर लावला.

गावात ग्रिलची कामं करणाऱ्या काकांकडे सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आवरणात तारेनं करतात ते) आहे. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही गाडी आसा की चाळण? टाको मारू तरी खंय?" त्यांचं खरं होतं. गंजलेल्या पत्र्यावर टाका धरत नाही, नुसतं भोक मोठं होतं. चांगला पत्रा लागेपर्यंत मी मागे मागे कापत गेलो, पुठ्ठ्याचे नमुने काढले आणि वीस गेजच्या पत्र्याचे तुकडे करून नेले. टाके सलग घेतले नाहीत: एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पातळ पत्रा पिळतो. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधीच उतरवून ठेवली होती. घासलेल्या पत्र्यावर इथल्या हवेत रात्रीतून तांबूस झाक येते, त्यामुळे एपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी, सांध्यांना सीलर, खालून अंडरकोट, आणि रनिंग बोर्डच्या पोकळीत मेणाचा फवारा. भोकांवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारे भरपूर आहेत. ती लांबी दोन पावसाळ्यांत पत्र्यासकट खाली पडते. आमच्याकडे पावसाआधी खालून काळं ऑइल मारायची पद्धतही आहे. रबरी बुश फुगतात, माती चिकटते, मी मारत नाही.

उतरवलेल्या टाकीत लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवलं, मग खायच्या सोड्यानं धुवून लगेच वाळवली. आतून लख्ख झाली. कार्ब्युरेटरचे जेट साफ केले आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घातले. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. उभ्या गाडीच्या टाकीत इथल्या दमट हवेत जुनं पेट्रोल ठेवू नये.

उरलेलं: डावीकडचा फ्लोअर, मागच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर, आणि कागद. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, त्या वेळी चासी नंबरचा पेन्सिलनं ठसा घेतात. वीस वर्षांवरच्या मोटारीची ही फी २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झाली, हरित कर वेगळा. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे एका शिक्क्याला जाणार, पण त्याला इलाज नाही. डावा फ्लोअर मृगाच्या आत उरकतोय. रंगाला दसऱ्यानंतरच हात लावीन, पावसाळी हवेत थिनरचा रंग पांढुरका पडतो. तोवर कुणाकडे ८०० चं डाव्या दाराचं मूळ रबर असेल तर सांगा. बाजारात मिळतंय ते कोपऱ्यात बसत नाही.