बोटीवरचा माणूस इराणात अडकला तर

होर्मुझच्या सामुद्रधुनीत एखादं जहाज इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड्स या सशस्त्र दलाने धरलं की टीव्हीवर बातमी यायच्या आधीच गोव्यातल्या सासष्टी-बारदेशातल्या घरांत फोन सुरू होतात. १३ एप्रिल २०२४ रोजी ‘एमएससी एरीज’ धरली, तेव्हा २५ जणांच्या क्रूमध्ये १७ भारतीय होते. केरळची एक महिला कॅडेट पाच दिवसांत घरी पोचली, आणखी पाच जण ९ मे रोजी सुटले, बाकीचे मागाहून. जहाजाची मालकी एका इस्रायली उद्योगपतीशी जोडलेली होती. खलाशांचा गुन्हा काहीच नव्हता.

अशा वेळी काय होतं हे समजून घ्यायचं असेल, तर आधी तिथल्या बायकांचे आणि अल्पसंख्याकांचे खटले पाहावेत. परदेशी माणसासाठी तिथे वेगळं यंत्र नाही. तेहरानच्या एविन तुरुंगात २०९ नंबरचा विभाग गुप्तचर मंत्रालयाचा, तर २-अ गार्ड्सचा. खटला रिव्होल्यूशनरी कोर्टात, म्हणजे राज्यसुरक्षेचे खटले पाहणाऱ्या कोर्टात चालतो. कलमंही ठरलेली: ‘व्यवस्थेविरुद्ध प्रचार’ म्हणजे कलम ५००, तीन महिने ते एक वर्ष, ‘राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध संगनमत’ म्हणजे कलम ६१०, दोन ते पाच वर्षं. महसा जीना अमिनी ही २२ वर्षांची कुर्दी मुलगी हिजाबवरून झालेल्या कोठडीनंतर १६ सप्टेंबर २०२२ रोजी मरण पावली. त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या बायकांवर हीच कलमं लागली. बहाई या धार्मिक अल्पसंख्याकांवरही हीच लागतात. त्यांच्या धर्माला तर तिथल्या राज्यघटनेत मान्यताच नाही. महवश साबेत आणि फरीबा कमालाबादी या बहाई महिला दहा वर्षं तुरुंग भोगून बाहेर आल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये त्यांना पुन्हा धरून आणखी दहा वर्षं सुनावली. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घरच्यांना सगळ्यात जास्त नडतो तो वकिलाचा नियम. सुरक्षेच्या खटल्यांत तपास चालू असेपर्यंत न्यायखात्याने मंजूर केलेल्या यादीतलाच वकील घ्यावा लागतो. यादीबाहेरचे धाडसी वकील आहेत, पण नसरीन सोतुदेह यांच्यासारखी, हिजाब काढणाऱ्या मुलींचे खटले लढवणारी वकीलही २०१८ मध्ये स्वतःच आत गेली. म्हणून इथून कुणी ‘तेहरानमधला नामांकित वकील देतो, आधी पैसे पाठवा’ म्हणाला, तर तो यादीत आहे का, हे दूतावासाकडून विचारून घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

खलाशांवर बहुतेकदा इंधन-तस्करीचा आरोप ठेवतात. पण मोबाइलमध्ये बंदराचे, नौदलाच्या बोटींचे किंवा निदर्शनांचे फोटो सापडले, तर प्रकरण सुरक्षेकडे वळू शकतं. त्या पाण्यात जाण्याआधीच फोनमधून असलं सगळं काढून टाकलेलं बरं.

व्हिएन्ना कॉन्सुलर कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटक झालेल्याने मागणी केली, तर त्याच्या देशाच्या कॉन्सुलेटला विनाविलंब कळवावं लागतं. मागणी केली तर, हे लक्षात ठेवा. माणूस घाबरून गप्प राहिला, तर दूतावासाला कळवण्याची त्यांची जबाबदारी कागदोपत्री सुरूच होत नाही. तेव्हा ‘माझ्या दूतावासाला कळवा’ हे वाक्य पहिल्या तासापासून, प्रत्येक अधिकाऱ्यापुढे म्हणायचं. चौकशीचे कागद फारसीत असतात. सही टाळता आलीच नाही, तर सहीशेजारी आपल्या लिपीत ‘हा मजकूर मला वाचता येत नाही’ असं लिहून तारीख घालावी. पुढे कबुलीजबाब म्हणून तोच कागद समोर येतो.

कळवतील म्हणून घरच्यांनी वाट पाहू नये. तेहरानचा भारतीय दूतावास आणि बंदर अब्बासचं कॉन्सुलेट या दोन्हीकडे त्याच दिवशी ईमेल करावा, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा नंबर जपून ठेवावा आणि मुंबईच्या डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगला व गोव्याच्या एनआरआय आयुक्त कार्यालयाला प्रत द्यावी. ईमेलमध्ये जहाजाचं नाव पुरत नाही, नावं बदलतात. जहाजाचा कायमचा सात आकडी आयएमओ नंबर लिहावा. जोडीला पासपोर्टची पहिली-शेवटची पानं, सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक), इंडॉस नंबर (भारतीय खलाशाचा नोंदणी क्रमांक), नोकरीचा करार, एजंटचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना. माणूस एजंटाच्या ओळखीने, परवान्याशिवाय गेला असेल तर इथेच घोडं अडतं, कारण सरकारने जबाबदार धरावं असं कुणी उरत नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्यासाठी भारतीय दूतावास नव्हे, पोर्तुगालचा दूतावास धावायचा. तो त्या देशात नसेल, तर युरोपियन युनियनच्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या दूतावासाकडे मदत मागायचा हक्क आहे. जहाजाच्या झेंड्यावरून हे ठरत नाही. ‘एरीज’वर झेंडा पोर्तुगालचा होता, पण १७ जण भारतीयच राहिले.

‘गप्प राहा, बोभाटा केलात तर त्यालाच त्रास होईल’ असं तुम्हाला सांगतील. पहिले काही दिवस, वाटाघाटी चालू असताना, ते एकवेळ ठीक. पण ब्रिटिश-इराणी नाझनीन झघारी-रॅटक्लिफ २०१६ मध्ये आत गेल्या आणि मार्च २०२२ मध्ये सुटल्या, त्याच वेळी ब्रिटनने रणगाड्यांच्या जुन्या व्यवहारातली इराणची सुमारे ४० कोटी पौंडांची देणी चुकती केली. ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासक कायली मूर-गिल्बर्ट यांच्या बदल्यात तीन इराणी सोडावे लागले. माणूस मोहरा झाला असेल, तर शांत बसून तो सुटत नाही. आठवडे उलटूनही कॉन्सुलर भेट, म्हणजे दूतावासाच्या अधिकाऱ्याची भेट मिळाली नाही, तर संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडे अर्ज करावा. घरच्यांनाही तो करता येतो, फी नाही, आणि तिथल्या कोर्टांची सगळी दारं आधी ठोठावायची अटही नाही. तातडीच्या प्रकरणांसाठी वेगळी वाट आहे; आजाराचं कारण असेल, तर डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधांची मूळ नावं, ब्रँडची नव्हेत, अर्जासोबत जोडावीत.