नरकासुराच्या पायाशी लोगो

रायगड जिल्ह्यातल्या एका थीम पार्कात मी स्पॉन्सरशिप बघते. कमान कोणाच्या नावाची, रांगेतल्या टीव्हीवर जाहिरात कोणाची, फोटोच्या जागी स्टँडी, म्हणजे जाहिरातीचा उभा फलक, कोणाची, हे ठरवायचं आणि त्याचे पैसे आणायचे.

ऑक्टोबरात आम्ही पार्कात हॅलोविन करतो, म्हणजे अमेरिकेतला तो भुताखेतांचा सण. ‘आपल्याकडे हॅलोविन कशाला?’ असं घरचे दरवर्षी विचारतात. उत्तर सोपं आहे. ऑक्टोबर रिकामा जातो. सहामाही परीक्षा चालू असतात, शाळांच्या सहली अजून लांब असतात, दिवाळीची सुट्टी लागायची असते. अमेरिकेतही शाळा उघडल्या की पार्कं ओस पडतात, म्हणूनच तिथे हा खेळ फोफावला. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ मध्ये भुतांच्या रात्री सुरू केल्या, फ्लोरिडात युनिव्हर्सलने १९९१ मध्ये. आम्ही खालापूर-कर्जतकडची नाटकवेडी पोरं घेतो, त्यांच्या तोंडाला लेटेक्स फासतो, आणि लोक पैसे देऊन घाबरायला येतात.

२०२४ साली पंचांगाने आमची गंमत केली. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आणि त्याच दिवशी नरक चतुर्दशी. सगळा सीझन एका मिठाईच्या कंपनीने घेतला होता. तारखा त्यांच्या उशिरा लक्षात आल्या, आणि ब्रँडच्या मॅडमचा फोन आला, “अहो, सकाळी उटणं लावून आलेल्या माणसाला तुम्ही आमच्या काजूकतलीशेजारी हडळ दाखवणार?”

प्रश्न रास्त होता. मग करारात कलम चढलं: लोगोच्या पंधरा फुटांत भूत फिरकणार नाही. लोगो तर जिकडेतिकडे. मुंजा झालेल्या पोराला कँटीनला जायचं तरी कमान टाळून आख्ख्या तळ्याला वळसा घालावा लागायचा. बिचारा चहा गार होईपर्यंत चालत राही.

तोड काढली ती आमच्या सजावट विभागातल्या बांद्याच्या काकांनी. मीटिंगमध्ये सगळे ‘फेस्टिव्ह हॉरर’ वगैरे बोलत होते. काका दाराशी उभे होते. म्हणाले, “भुतां कशाक व्हयी? आमच्याकडे नरकासुर करतत, तसो करूया.” गोव्यात आणि तळकोकणात पहाटे नरकासुर जाळतात हे ठाऊक नसलेले लोक त्या खोलीत बरेच होते. गोव्यात त्याच्या स्पर्धा लागतात, बक्षिसं लागतात, पुढाऱ्यांचे फलक लागतात. म्हणजे प्रायोजक त्याला काही नवा नाही. हे मी मॅडमना सांगितलं आणि मंजुरी मिळाली. राक्षस चालेल, शेवटी देव जिंकतो ना, मग चालेल.

एजन्सीच्या पोराने मुखवटा आणला तो थर्माकोलचा, सोबत लोगोचे चिमुकले प्लॅस्टिक झेंडे. दोन्ही गेटवरूनच परत. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या, १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी बॅनर, सगळ्यावर देशभर बंदी आहे. आमच्या धंद्यातल्या निम्म्या वस्तू त्या यादीत बसतात, तरी एजन्सीला दरवेळी नव्याने सांगावं लागतं. काकांना मात्र आनंद झाला. बांबूच्या कामट्या, सुकं गवत, रद्दी आणि मैद्याची खळ. कागदाचा एक थर वाळला की दुसरा. डोळ्यांच्या खोबणीत त्यांनी अंगठ्याने खळ दाबून कडा काढल्या, मिशीला काथ्या लावला, आणि जीभ जरा वाकडी ठेवली. सरळ जीभ लावली तर तो औषध प्यायल्यासारखा दिसतो, म्हणे.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. पार्क साडेदहाला उघडतं, आणि उजाडल्यावर नरकासुर उभा राहतो कसा? राइडजवळ जाळायचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी त्यांनी पहाटे कामगारांच्या वसाहतीत हातभर नरकासुर जाळला आणि मगच मोठ्याला हात लावला. संध्याकाळी कृष्णाने चक्र सोडायचं आणि कप्पीवरून मुंडकं खाली यायचं, असं ठरलं. एजन्सीच्या पोराने अगदी निरागसपणे विचारलं, “चक्रावर लोगो घेऊया?” मी काही बोलायच्या आत मॅडमच म्हणाल्या, “घरी जा.”

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. लाखो रुपयांच्या कमानीखालून माणसं मान वर न करता जात होती आणि नरकासुरापुढे थांबत होती. आजोबा नातवंडांना कारीट फोडण्याची गोष्ट सांगत होते, एक काकू त्याच्या वाकड्या जिभेसारखी जीभ काढून फोटो काढून घेत होत्या. गर्दीने मुख्य रस्ता अडला. ऑपरेशन्सवाले माझ्यावर ओरडले, सिक्युरिटीने दोर बांधून रांग लावली. ती रांग रोलर कोस्टरच्या रांगेपेक्षा मोठी झाली.

आणि त्या एकाही फोटोत मिठाईचा लोगो नव्हता. आमच्याच कलमाने त्याला पंधरा फूट लांब ठेवलं होतं.

हे दुखणं जुनंच आहे आणि उपायही जुना. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हापासून कॅमेऱ्याची फिल्म विकणारी कोडॅक कंपनी तिथे प्रायोजक होती. पुढे डिस्नेच्या पार्कांत ‘इथून फोटो काढा’ असं सुचवणाऱ्या कोडॅकच्या पाट्या लागल्या. फिल्म विकायची तर माणूस कॅमेरा काढतो तिथेच जाऊन उभं राहायचं. कमानीवर नाव टाकून साहेब खूश होतात, गिऱ्हाईक नाही. हे मी दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी सगळ्यांना आधी कमानच हवी असते.

मॅडम बराच वेळ रांगेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “स्टँडी त्याच्या पायाशी आणता येईल?”

“कलमाचं काय?”

“तुम्ही आणा हो.”

“आधी मेल करा,” मी म्हटलं. तोंडी ‘आणा’वर मी खिळासुद्धा हलवत नाही. दिवाळीच्या दिवशी त्यांचे वरचे साहेब फोन उचलेनात. मेल आला तेव्हा उन्हं उतरली होती. काकांनी लगेच दोघांना हाताशी घेऊन स्टँडी हलवली आणि नरकासुराचं डावं पाऊल पुढे आलं होतं त्याच्या अंगठ्याशी टेकवली. बघताना वाटावं, हा मिठाईच खायला आलाय. मुंडकं पडलं तेव्हा शेकडो मोबाइल वर होते आणि प्रत्येकात स्टँडीवरचा तो मिठाईचा डबा.

पैसे यायला फेब्रुवारी उजाडला, ते सोडा.

२०२५ मध्ये नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला आली आणि हॅलोविन आपल्या जागी. त्यामुळे असुर आणि भुतं वेगवेगळी विकता आली. मिठाईवाल्यांनी फक्त नरकासुर मागितला, कमान नको म्हणाले. भुतं एका शीतपेयवाल्याने उचलली. त्यांच्या करारातलं पहिलं कलम: प्रत्येक भुताच्या हातात बाटली दिसली पाहिजे.