कुकडीकाठची अभ्याससहल

घाटमाथ्यापासून पर्जन्यछायेपर्यंतचा पश्चिम महाराष्ट्र एकाच प्रवासात समजून घ्यायचा असेल, तर कुकडी नदीच्या काठाने जावे आणि सोबत भूरूपांचा अभ्यास केलेला मार्गदर्शक असावा, असे माझे ठाम मत आहे. जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळच्या पूर गावी, कुकडेश्वराच्या मंदिरापाशी ही नदी उगम पावते. अरबी समुद्र तिथून पश्चिमेला जेमतेम शंभर किलोमीटरवर असला, तरी तिचे पाणी घोड, भीमा आणि कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी नाणेघाटाच्या कड्यावर नकाशा उलगडून हे दाखवले, तेव्हा जलविभाजक, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटणारा उंचवटा, कसा असतो हे कोणालाही वेगळे समजावावे लागले नाही. सातवाहनकालीन लेण्यातला शिलालेख पाहायला बहुतेक पर्यटक येतात. कोकण आणि जुन्नर यांना जोडणारा व्यापारी मार्ग नेमका याच खिंडीतून का गेला, हे मात्र कड्याची रचना पाहिल्यावरच कळते.

या सहलीतले सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव. वरवर पाहता तिथे बघण्यासारखे काहीच नाही. नदीकाठच्या गाळाच्या थरांत एक पांढरट, पिठासारखा मऊ थर दिसतो, तो ज्वालामुखीच्या राखेचा आहे. दख्खनचा कातळ ज्या उद्रेकांतून तयार झाला ते सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे असल्याने ही राख त्यांची असणे शक्य नाही. ती तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याने इथवर आली. तिचे वय सुरुवातीला सुमारे 14 लाख वर्षे सांगितले गेले. पुढे राखेतल्या काचकणांच्या रासायनिक घडणीवरून ती टोबाच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची असल्याचे 1998 मध्ये मांडण्यात आले, आणि तेही सर्वांनी मान्य केले नाही, कारण याच परिसरात आदिमानवाची अ‍ॅश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली, दगडी हत्यारे सापडलेली आहेत आणि राखेचे वय बदलले की त्यांच्या काळाचा हिशेबही बदलतो. संशोधकांमधला हा वाद त्या थरासमोर उभे राहून ऐकताना, पाठ्यपुस्तकातल्या एका आकड्यामागे किती खटपट असते याची जाणीव विद्यार्थ्यांना होते. भूगोल शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आठवण म्हणून चिमूटभर राख उचलण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु असे साठे मर्यादित असतात, पावसाने झिजतात, आणि एकदा विस्कटलेला थर पुन्हा अभ्यासता येत नाही. आमच्या प्राध्यापकांनी कोणालाही थराला हात लावू दिला नाही. भिंगातून पाहायचे, रेखाटन करायचे आणि शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यायचे, एवढीच मुभा होती. प्रत्येक सहलीने तारीख आणि अक्षांश-रेखांश नोंदवून अशी छायाचित्रे एकत्र ठेवली, तर काठ किती वेगाने ढासळतो आहे हे संशोधकांना आयतेच कळेल.

पुढे निघोजला, पारनेर तालुक्याच्या सीमेवर, हीच नदी कातळात उतरते. उगमाकडचा मुसळधार पाऊस इथे नाही, कारण हा भाग पर्जन्यछायेत येतो. तरीही घाटमाथ्याच्या पुराने वाहून आणलेले दगडगोटे बेसाल्टच्या खोलगट जागांत अडकून गरगरत राहिले आणि त्यांनी कातळात रांजणखळगे कोरले. शेजारशेजारचे खळगे रुंद होत एकमेकांना मिळतात आणि त्यातूनच नदीची अरुंद, खोल घळ तयार होते. खळग्यांचे व्यास मोजताना आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, की नदीवर वरच्या बाजूला माणिकडोह आणि येडगाव येथे धरणे झाल्यावर पुराचा जोर कमी झाला असेल, तर हे कोरीवकाम अजून चालू आहे का? प्राध्यापकांनी उत्तर दिले नाही. त्यासाठी कोणती मोजमापे किती वर्षे घ्यावी लागतील, याची यादी त्यांनी सर्वांकडून तिथेच करवून घेतली. ठरावीक खळग्यांची खोली दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजणे, आतल्या गोट्यांचा आकार नोंदवणे आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचे आकडे मिळवणे ही त्यातली पहिली तीन कामे आहेत, आणि खोलीची पहिली मोजणी येत्या मे महिन्यात करायचे ठरले आहे.