गो इंजिन अपडेट: खालच्या अर्ध्या बोर्डावरची आटारी

सापडला! गो या बोर्डवरच्या खेळाचं इंजिन लिहितोय, त्यातला अडीच आठवडे ज्याच्या मागे लागलो होतो तो आटारीचा (चेनला, म्हणजे जोडलेल्या दगडांच्या गटाला, एकच लिबर्टी म्हणजे लागून असलेलं रिकामं घर उरणं) बग काल रात्री साडेअकराला सापडला. मागे लिहिलं होतं ना, 9x9 वर प्लेआउट (रँडम चालींनी डाव शेवटपर्यंत खेळून बघणं) मस्त चालतात पण 19x19 वर इंजिन आटारीतली चेन तशीच सोडून भलतीकडेच खेळतं. 3x3 वर कायदेशीर पोझिशन बरोब्बर 12675 निघत होत्या, झोब्रिस्ट हॅश (पोझिशन ओळखायचा आकडा) जुळत होता, मग संशय घ्यायचा तरी कशावर?

रविवारी देवळालीचा मित्र कॉलेज रोडला घरी आला, त्याने लाकडी बोर्डावर इंजिनच्या चाली हाताने लावल्या आणि तासाभराने म्हणाला, "अरे, वरच्या बाजूला हे नीट पळतंय, खाली आलं की याला दिसतच नाही." बस, तिथून धागा मिळाला.

स्यूडो-लिबर्टीचे (रिकामं घर चेनच्या जितक्या दगडांना लागून असेल तितक्या वेळा मोजायचं) मी चेनमागे तीन आकडे ठेवतो: संख्या, पॉइंटच्या (घराच्या) नंबरांची बेरीज आणि वर्गांची बेरीज. संख्या गुणिले वर्गांची बेरीज जर बेरजेच्या वर्गाइतकी आली तर सगळ्या लिबर्टी एकाच पॉइंटवर, म्हणजे आटारी. ही वर्गांची बेरीज 16 बिटमध्ये होती. बॉर्डर धरून 9x9 चा शेवटचा पॉइंट 108, वर्ग 11664, चौपट केला तरी 46656, आरामात मावतो. 19x19 चा शेवटचा 418, त्याचा एकट्याचा वर्ग 174724, आणि 16 बिटची मर्यादा 65535! 256 चा वर्गच 65536, म्हणजे 256 नंबरच्या पॉइंटपासून पुढे, बाराव्या ओळीच्या चौथ्या घरापासून खाली, एकही आटारी दिसत नव्हती. त्या रिकाम्या घराला चेनचे दोन दगड लागून असतील तर 182 पासूनच गडबड.

जीसीसी कंपायलरचा यूबीसॅन (प्रोग्रॅम चालू असताना चुका पकडणारा सॅनिटायझर) यावर गप्पच होता. क्लँग कंपायलरचा इम्प्लिसिट-कन्व्हर्जनवाला (आकडा लहान टाइपमध्ये कापला गेला की सांगणारा) सॅनिटायझर लावला आणि पहिल्याच रनला नेमकी ओळ दाखवली, आता तो कायम चालू ठेवणार, तुम्हीही ठेवा. वर्गांची बेरीज 32 बिट केली, शिवाय संख्या 4 च्या वर असेल तर गुणाकारच करत नाही, कारण एका घराला शेजारीच चार. काल पहिल्यांदा खालच्या कोपऱ्यात इंजिनने लॅडर (आटारीवर आटारी देत तिरका पाठलाग) वेळेवर ओळखून दगड सोडून दिले, काय आनंद झाला!

आता पुढचं सूपरको (आधी आलेली पोझिशन पुन्हा आणायची नाही हा नियम) घेणार होतो, पण हे टाइप करतानाच सुचलं की 361 घरं 64 बिटच्या सहा शब्दांत बसतात, मग चेनमागे खऱ्या लिबर्टीचा बिटसेटच (घरामागे एक बिट) का नको? दोन चेन जोडताना फक्त सहा ऑर, आणि मोजायला पॉपकाउंट (1 असलेले बिट मोजणं). प्लेआउटसाठी बोर्ड कॉपी करणं मात्र महागात पडेल, चेनमागे 48 बाइट होतात. सूपरको थांबू दे, शनिवारी आधी हे दोन्ही समोरासमोर पळवून बघतो.