माझा अनुभव: स्कॅलपचा कोटा खंडाने घेताना

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील न्यू बेडफर्ड हे बंदर, उतरणाऱ्या मासळीच्या किमतीच्या हिशेबाने, 2001 नंतर सलग दोन दशके देशात पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि त्या किमतीचा फार मोठा भाग एकाच जिवाचा आहे. पंख्याच्या आकाराच्या दोन शिंपल्यांमध्ये राहणारा हा जीव म्हणजे अटलांटिक सी स्कॅलप. बोटीवरच शिंपला उघडून त्याचा पांढरा, गोल स्नायू तेवढा काढून घेतात, बाकी सर्व समुद्रात परत टाकतात, आणि तो स्नायू कापडी पिशव्यांत भरून बर्फात ठेवतात. मी याच परिसरात हिशेबनीस म्हणून काम करते. माझे माहेर रत्नागिरीच्या मिरकरवाड्याजवळचे असल्यामुळे बोटी, बर्फ आणि लिलाव यांची मला सवय होती. पण पकडीचा पौंडापौंडाचा हिशेब ठेवणाऱ्या कायद्याची नव्हती. एका दांपत्याने लहान स्कॅलपबोट परवान्यासह विकत घेतली आणि तिची कागदपत्रे माझ्याकडे सोपवली, तेव्हा तो हिशेब मला मुळापासून शिकावा लागला.

पहिला प्रश्न असा होता की या बोटीला वर्षाला नेमके किती पौंड धरण्याचा हक्क आहे. स्कॅलपची वार्षिक अनुमत पकड न्यू इंग्लंड मत्स्य व्यवस्थापन परिषद ठरवते आणि तिची अंमलबजावणी संघराज्याचा मत्स्यविभाग ग्लॉस्टर येथील प्रादेशिक कार्यालयातून करतो. संशोधन व निरीक्षकांसाठीचा राखीव भाग बाजूला काढल्यावर उरलेल्या पकडीपैकी 94.5 टक्के मोठ्या नौकांच्या ताफ्याला मिळतात आणि 5.5 टक्के वैयक्तिक कोटा असलेल्या लहान परवानाधारकांना. त्यातलाही अर्धा टक्का दोन्ही परवाने बाळगणाऱ्या मोठ्या नौकांकडेच जातो. आमची बोट उरलेल्या पाच टक्क्यांत मोडणारी होती. त्या पाच टक्क्यांतील तिचा वाटा अपूर्णांकात लिहिलेला होता, आणि तो अपूर्णांक कुठून आला हे शोधताना मी दोन दशके मागे गेले.

लहान बोटींसाठी ही दारे पूर्वी बरीच मोकळी होती. बोटी फार वाढल्यावर ‘दुरुस्ती 11’ नावाच्या नियमावलीने 2008 मध्ये ती बंद केली आणि 2010 पासून वैयक्तिक कोटा सुरू झाला. 1 मार्च 2000 ते 1 नोव्हेंबर 2004 या काळातील एखाद्या वर्षी ज्या बोटीने किमान 1,000 पौंड स्कॅलप उतरवले होते, तीच पात्र ठरली. त्या काळातील तिचे सर्वांत चांगले वर्ष घेतले गेले आणि ती किती वर्षे या धंद्यात होती त्यानुसार त्या आकड्याला एका वर्षासाठी 0.75 पासून पाच वर्षांसाठी 1.25 पर्यंतच्या गुणकाने गुणले गेले. अशा सर्व आकड्यांच्या बेरजेतील बोटीचा वाटा म्हणजे तिची टक्केवारी. म्हणजे आज जे दांपत्य पहाटे धक्का सोडते, त्यांचा हक्क त्यांनी स्वतः धरलेल्या मालावर अवलंबून नाही. 2000 ते 2004 या काळात दुसऱ्याच कुणा तांडेलाने या परवान्यावर जो माल उतरवला, त्याचा तो वारसा आहे. टक्केवारी तशीच राहते, पण तिचे पौंड दरवर्षी बदलतात. मासेमारीचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि त्या तारखेपर्यंत नवे आकडे अंतिम झाले नाहीत, तर आधी तात्पुरते, सहसा कमी धरलेले आकडे लागू होतात आणि नंतर ते सुधारले जातात. हिशेब मांडणाऱ्याला हे मोठे जिकिरीचे होते, कारण बँकेला वर्षाचा अंदाज एप्रिलमध्येच हवा असतो.

मालकी बदलण्याचा अर्ज, तटरक्षक दलाकडील बोटीची नोंद आणि परवान्याचे नूतनीकरण ही कामे सरळ होती. खरे काम त्यानंतर उभे राहिले. बोटीच्या वाट्याला आलेले पौंड इतके कमी होते, की तेवढ्यावर इंधन, विमा आणि एका खलाशाची मजुरी भागली नसती. उपाय एकच होता: दुसऱ्या परवानाधारकाकडून त्या वर्षापुरते पौंड भाड्याने घेणे.

आपल्याकडे जमीन खंडाने कसायला घेतात तसाच हा व्यवहार आहे. परवाना एकाच्या नावावर, घाम दुसऱ्याचा, आणि पिकाच्या किमतीतून खंड आधी वजा होणार. देणाऱ्याजवळ वैध परवाना असला म्हणजे झाले. त्याने स्वतः त्या वर्षी समुद्रात गेलेच पाहिजे असे नाही. आम्ही ज्यांच्याकडून पौंड घेतले त्यांची बोट थोड्या फेऱ्यांनंतर धक्क्यावर बांधलेलीच होती. 2022 मध्ये आलेल्या ‘दुरुस्ती 21’ने मोठ्या नौकांनाही त्यांच्याजवळचा वैयक्तिक कोटा लहान बोटींना त्या वर्षापुरता देण्याची मुभा दिली, त्यामुळे पुरवठा थोडा वाढला, तरीही मध्यस्थ सांगेल तो भाव ऐकून घ्यावा लागतो. पौंडामागे अनेक डॉलर खंड मोजल्यावर उरलेल्या रकमेतून बोट चालवायची, हे गणित मांडून दाखवले तेव्हा ते दांपत्य बराच वेळ एकमेकांशी पोर्तुगीजमध्ये बोलत राहिले आणि मग सही करून मोकळे झाले.

हस्तांतराच्या अर्जात दोन्ही बोटींचे परवाना क्रमांक, पौंड, व्यवहार कायमचा की वर्षापुरता, आणि मोजलेली किंमत असे सर्व लिहावे लागते. अर्ज इच्छित तारखेच्या किमान 30 दिवस आधी पोहोचावा अशी अपेक्षा असते, आणि मंजुरी हाती पडेपर्यंत त्या पौंडांतला एकही पौंड धरता येत नाही. कोणत्याही एका बोटीवर या लहान ताफ्याच्या एकूण कोट्यापैकी 2.5 टक्क्यांहून अधिक आणि एका मालकाकडे 5 टक्क्यांहून अधिक साठू नये अशीही मर्यादा आहे. ती मर्यादा मला योग्य वाटते. ती नसती तर हा सगळा कोटा चार-दोन कार्यालयांच्या कपाटात जाऊन बसला असता.

आमचा अर्ज रखडला तो एका खरेदीदारामुळे. कोट्यातून वजावट होते ती बोटीच्या सांगण्यावरून नव्हे, तर माल विकत घेणाऱ्या परवानाधारक खरेदीदाराने सरकारला पाठवलेल्या वजनावरून. समोरच्या बोटीच्या एका फेरीचा माल खरेदीदाराने भलत्याच परवाना क्रमांकावर नोंदवला होता, त्यामुळे तिची शिल्लक होती त्याहून जास्त दिसत होती आणि आम्ही मागितलेले पौंड प्रत्यक्षात तिथे नव्हते. ही नोंद मत्स्यविभाग परस्पर बदलत नाही; ती ज्याने केली त्यानेच दुरुस्त करावी लागते. खरेदीदाराकडे वारंवार दूरध्वनी, तांडेलाच्या फेरीच्या अहवालाची प्रत आणि वजनाची पावती असे सर्व पाठवल्यावर ते जुळले, आणि मग कमी पौंडांचा नवा अर्ज करावा लागला. या धंद्यात नव्याने येणाऱ्याला मी हेच सांगेन, की पैसे देण्याआधी समोरच्या बोटीची शिल्लक तोंडी विचारू नये; तिच्या फेऱ्यांचे अहवाल आणि खरेदीदारांच्या नोंदी ओळीने लावून पाहाव्यात.

बोट समुद्रात जाऊ लागली तेव्हा कागदाचा दुसरा भाग सुरू झाला. निघण्यापूर्वी उपग्रहाद्वारे माग ठेवणाऱ्या यंत्रावर फेरीचा संकेतांक जाहीर करायचा. ते यंत्र बोटीचे ठिकाण दर अर्ध्या तासाला कळवत राहते आणि परवानगीशिवाय बंद करता येत नाही. मोकळ्या क्षेत्रात एका फेरीला सोललेला माल 600 पौंड, म्हणजे सुमारे 272 किलो, एवढीच मर्यादा. स्कॅलप वाढावेत म्हणून बंद ठेवून आळीपाळीने उघडल्या जाणाऱ्या क्षेत्रांत ती 2022 पासून 800 पौंड झाली. एका दिवसात माल एकदाच उतरवता येतो. बंदराला लागण्याच्या किमान सहा तास आधी, किंवा तेवढा अवधी नसेल तर मासेमारी थांबताच, किती पौंड घेऊन येत आहोत हे यंत्रावरून कळवावे लागते, आणि फेरीचा संगणकीय अहवाल 48 तासांच्या आत द्यावा लागतो. पूर्वसूचना, फेरीचा अहवाल आणि खरेदीदाराची नोंद या तिन्ही ठिकाणी फेरीचा क्रमांक एकच असला पाहिजे. कोटा ओलांडला तर पुढच्या वर्षीच्या वाट्यातून तेवढे पौंड कापले जातात. उरला तर एकूण हिश्श्याच्या 15 टक्क्यांपर्यंत पुढे नेता येतो. माझ्यासारखीला यात आनंद वाटतो हे कबूल करते, पण रात्रभर माल सोलून थकलेल्या माणसाने डुलत्या बोटीत एवढ्याशा पडद्यावर आकडे टंकायचे असतात, हेही विसरता येत नाही.

एक गोष्ट मला सुरुवातीला कळली नव्हती. आळीपाळीच्या क्षेत्रांत लहान बोटींना सर्वांत मिळून ठरावीक फेऱ्या दिलेल्या असतात. त्या संपल्या की ते क्षेत्र त्यांच्यासाठी बंद. प्रत्येकाचे पौंड ठरलेले असल्यामुळे घाई संपेल, असे वैयक्तिक कोट्याचे समर्थन केले जाते, आणि मोकळ्या क्षेत्रात ते बरेचसे खरे आहे. पण मोठा, चांगल्या भावाचा माल असलेले क्षेत्र उघडले की जो आधी पोहोचेल त्याची फेरी हीच जुनी शर्यत पुन्हा सुरू होते. वाऱ्याचा अंदाज वाईट असतानाही लहान बोटी अशा वेळी निघतात, आणि तेव्हा कोट्याची शिल्लक पाहत बसलेल्या मला काळजी वाटते.

मिरकरवाड्यातल्या मामांना हे सर्व सांगताना मला एक गोष्ट नीट उमगली. त्यांना कोटा माहीत आहे तो सोसायटीमार्फत मिळणाऱ्या डिझेलचा. मासळीवर वजनाची मर्यादा ही कल्पनाच त्यांना अजब वाटली. महाराष्ट्रात बंधन आहे ते काळावर, म्हणजे 1 जून ते 31 जुलैच्या बंदीवर, तसेच जाळ्याच्या प्रकारावर, त्याच्या आसावर म्हणजे छिद्रांच्या आकारावर, आणि क्षेत्रावर. 2016 पासून पर्ससीन जाळ्यांवर जे निर्बंध आहेत तेही याच जातीचे. मामांनी विचारले, “मग तुमच्याकडे स्कॅलप वाचले ते या कोट्यामुळेच ना?” मी हो म्हणणार होते, पण तारखा तसे सांगत नव्हत्या.

1990 च्या दशकात इथे स्कॅलपची अवस्था वाईट होती. 1994 मध्ये नवे परवाने थांबवून मोठ्या नौकांचे समुद्रातील दिवस मोजायला सुरुवात झाली आणि सोलणारे हात मर्यादित राहावेत म्हणून खलाशांची संख्या सातवर आणली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात जॉर्जेस बँक नावाच्या समुद्रातील उथळ पट्ट्यावरील मोठी क्षेत्रे कॉडसारख्या माशांच्या रक्षणासाठी बंद झाली, आणि तिथे कुणी हात न लावलेले स्कॅलप वाढत राहिले. तीन ते पाच वर्षांच्या वयात या जिवाच्या मांसाचे वजन चौपट होऊ शकते. त्यामुळे लहान असताना न धरणे हीच मोठी बचत ठरली. 1999 मध्ये त्या क्षेत्राचा एक भाग पुन्हा उघडला, 2004 मध्ये क्षेत्रे आळीपाळीने बंद-उघडी ठेवण्याची पद्धत पक्की झाली आणि ड्रेजच्या, म्हणजे तळावरून ओढायच्या लोखंडी पिशवीच्या, कड्यांचा व्यास चार इंचांवर नेला गेला. 1998 मध्ये सुमारे 1.2 कोटी पौंड असलेली पकड 2004 मध्ये 6 कोटी पौंडांच्या पुढे गेली. लहान बोटींचा वैयक्तिक कोटा आला 2010 मध्ये, म्हणजे समुद्र भरल्यानंतर. बंद क्षेत्रे, कड्या आणि मोजलेले दिवस यांनी स्कॅलप वाचवले. वैयक्तिक कोट्याने ते कुणाचे हे ठरवले. पहिल्या कामाबद्दल मला आदर आहे. दुसऱ्याबद्दल, प्रत्येक महिन्याला खंडाची रक्कम वहीत लिहिताना, माझे मत तितके चांगले राहत नाही.

वर्षाच्या शेवटाला कोटा-व्यवस्थेच्या खर्चापोटी आकारले जाणारे शुल्क आले. कायद्याने ते उतरवलेल्या मालाच्या किमतीच्या कमाल 3 टक्क्यांपर्यंत असू शकते आणि 1 जानेवारीपर्यंत भरावे लागते. ज्या बोटीने माल उतरवला तिलाच ते भरायचे असते, पौंड भाड्याचे असले तरी. पौंड भाड्याने देणाऱ्याला त्यात काही द्यावे लागत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या करारात मी हे शुल्क निम्मे-निम्मे वाटून घेण्याचे कलम घातले, आणि वार्षिक आकडे सुधारून कमी झाले तर खंडही त्याच प्रमाणात कमी होईल असे दुसरे. दुसरे कलम समोरच्यांनी मान्य केले. पहिल्याबद्दल अजून बोलणी चालू आहेत, आणि तोवर ते दांपत्य आपल्या स्वतःच्या पौंडांवर फेऱ्या करत आहे.